वीर नाचवणारे शहर

होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधून दुपारनंतर वीर निघतात. घराघरातला कर्ता पुरुष किंवा पोरगा देव्हाऱ्यातला वीराचा टाक काढतो, खोबऱ्याच्या वाटीत ठेवतो, लाल कपड्यात धरतो आणि हलगीच्या ठेक्यावर नाचवत गोदाघाटाकडे चालू लागतो. लहान मुले शिवाजी महाराज, राम, खंडोबा असे वेश करून पुढे असतात. रामकुंडावर टाकांना स्नान घालायचे आणि देव घरी आणायचे. नाशिकबाहेरच्या माणसाला हा धुळवडीचाच एखादा खेळ वाटतो. पण नाचवला जात असतो तो घरातला एखादा पूर्वज. कधी तरी, कुठल्या तरी लढाईत किंवा झटापटीत, अवेळी गेलेला.

या मिरवणुकीत सर्वांत जास्त मान दाजीबा वीराचा, म्हणजे बाशिंगे वीराचा. जुन्या तांबट लेनीतून तो निघतो. डोक्याला भले मोठे बाशिंग, अंगावर दागिने, वेश नवरदेवाचा. कथा सांगतात ती अशी: दाजीबा हा दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीचा, खंडोबाचा भक्त. अंगाला हळद लागली होती, लग्न तोंडावर होते, आणि वाटेत हल्ला होऊन तो मारला गेला. राहिलेली हौस दर वर्षी बाशिंग बांधून पुरवायची. ज्यांची लग्ने जुळत नाहीत ते त्याला नवस बोलतात. तीनशे वर्षांची परंपरा, असे मिरवणारे अभिमानाने सांगतात. या कथेला पुरावा मागणारे भेटतात, पण मला तो मुद्दा गौण वाटतो. एका तरुणाच्या मरणाची आठवण एवढ्या दागदागिन्यांनिशी, वाजतगाजत, भर रस्त्यात जपणारे दुसरे स्मारक मला महाराष्ट्रात ठाऊक नाही.

आपल्याकडे युद्धस्मारक म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो चौथरा, त्यावर उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण, आणि बाजूला साखळी. साधे, करडे, गंभीर. सजावट केली की गांभीर्य उणावते, अशी एक समजूत गेल्या शंभर वर्षांत पक्की झाली आहे. वारसा ठरवणाऱ्या समित्यांच्या टिपणांतसुद्धा 'अलंकृत' हा शेरा बहुधा शैलीच्या रकान्यात पडतो, महत्त्वाच्या रकान्यात नाही. माझे म्हणणे याच्या उलट आहे, आणि ते सांगायला नाशिक जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. स्मारकावरचे नाव पुसले गेल्यावरही ते टिकून राहते ते त्याच्या नक्षीमुळे. लोक ओळखतात चित्राला. हात जोडतात चित्राला. नाव वाचायला शाळा लागते.

टाकाचेच बघा. बोटभर किंवा तळहाताएवढा, चांदीचा नाही तर तांब्याचा ठोकलेला पत्रा. त्यावर घोडेस्वार, हातात भाला किंवा तलवार. खंडोबाचा टाकही साधारण असाच असतो; वीर आणि देव यांच्यातले अंतर कारागिराने मुद्दाम कमी ठेवलेले असते. नाव कोरायची पद्धत नाही. पूजा करून, घासून टाक झिजतो. मग तो मोडून किंवा विसर्जित करून नवा घडवतात. भाऊ वेगळे झाले की नव्या देव्हाऱ्यासाठी नवे टाक येतात. संग्रहालयाच्या हिशेबाने यातला 'अस्सल' कोणता? काल घडवलेला टाक शंभर वर्षांच्या कायदेशीर अटीत बसत नाही, आणि ज्याची आठवण त्यात आहे तो माणूस कदाचित पेशवाईच्याही आधीचा. नाशकातली तांबट आळी, भांडी घडवणाऱ्यांची जुनी वस्ती, आणि तिथूनच निघणारा बाशिंगे वीर हे एकत्र यावे, हे मला फार नाशिककर वाटते.

धातूच्या आधी दगड. महाराष्ट्रातल्या शेकडो गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात, पारावर, विहिरीच्या काठाला वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, उभे आहेत. नाशिक जिल्हाही त्याला अपवाद नाही. गुडघ्याएवढ्या दगडापासून पुरुषभर उंचीपर्यंत. घडण ठरलेली. दगड खालून वर वाचायचा. सर्वांत खाली मरण: वीर पडलेला, किंवा ढाल-तलवार घेऊन शत्रूशी भिडलेला. गाईगुरे कोरलेली असतील तर तो गोधन सोडवताना गेला. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेत आहेत, कधी विमानातून. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला, शेजारी पुजारी. शिखराशी कलश, आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा अर्थ. शेजारी काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असला तर तो सतीचा.

कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. राजा कोण, साल कोणते, माणूस कुठला, सगळे. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षर नाही. त्यामुळे इतिहासकारांनी बराच काळ त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मृतिशिलांवरचा ग्रंथ धारवाडहून 1982 साली आला, तेव्हा कुठे या दगडांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणे रुळले. धनगर-गवळ्यांच्या दैवतांमागे धावत महाराष्ट्र पालथा घालणाऱ्या सोन्थायमरांना एक गोष्ट नेमकी दिसली होती: गुरे राखताना मेलेला वीर हळूहळू गावाचा देव होतो. शेंदूर लागला की त्याची फिर्याद संपते आणि पूजा सुरू होते.

अक्षर नसले तरी चित्र किती बोलते, याचे उत्तम उदाहरण मुंबईत, बोरिवलीजवळच्या एकसरला आहे. आणि त्याची एक मुळी नाशिक जिल्ह्यात येते. ठाण्याच्या 1882च्या गॅझेटियरमध्ये एकसरच्या सहा वीरगळांची नोंद आहे. त्यांवर कोरली आहे समुद्रावरची लढाई: वल्ही मारणाऱ्या गलबतांच्या रांगा, पाण्यात पडणारी माणसे, एकमेकांवर चालून जाणारे ताफे. काहींवर जमिनीवरची लढाई, हत्तींसह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हा प्रसंग शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या युद्धाशी, म्हणजे 1265च्या सुमाराशी जोडला. महादेवाचा मंत्री हेमाद्री आपल्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे सांगतो, आणि शैली अर्थातच विजेत्याच्या दरबारी कवीची आहे. वीरगळ मात्र दोन्ही बाजूंची माणसे मरताना दाखवतो.

हे यादव मूळचे आपल्या सिन्नरचे. देवगिरी होण्याआधी त्यांची राजधानी सेऊणपूर, म्हणजे सिन्नर. तिथले गोंदेश्वराचे पंचायतन देऊळ आजही उभे आहे, संरक्षित आहे, आणि त्यावर पुस्तके आहेत, माहितीपट आहेत. ज्या राजवटीने ते देऊळ बांधायला दगड फोडले, तिच्याच सैनिकांच्या मरणाचे दगड गावोगावी बेवारस पडले आहेत. कपडे धुवायला घेतलेले वीरगळ महाराष्ट्रात नवीन नाहीत. रस्त्याच्या कडेला आडवे टाकून पायरी केलेलेही दिसतात. सुरगाणा आणि डांगच्या बाजूला आदिवासी पाड्यांत मृतांसाठी लाकडाचे कोरीव खांब उभारतात, त्यांवरही चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार दिसतो. लाकूड कुजते, म्हणून त्यांची नोंद तर दगडाहूनही कमी.

आता आणखी मागे जाऊ. पांडवलेणी बहुतेक नाशिककरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात, पाय दुखल्याच्या आठवणीसह. त्यातले तीन क्रमांकाचे लेणे मी युद्धस्मारक म्हणून वाचतो. पुरातत्त्वाच्या फलकावर ते बौद्ध विहार आहे, आणि ते बरोबरच आहे. भिक्षूंना राहायला कोरलेले. पण ओसरीच्या भिंतीवरचा मोठा लेख एका आईचा आहे. गौतमी बलश्री. तिचा मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नातवाच्या कारकिर्दीच्या 19व्या वर्षी हा लेख खोदला गेला. बहुतेक अभ्यासकांच्या मते तेव्हा मुलगा हयात नव्हता. ती त्याच्या पराक्रमाचा पाढा वाचते: शक, यवन, पह्लव यांना त्याने मोडले, क्षहरात वंश उरू दिला नाही, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. मग लगेच सांगते, तो आईची सेवा करणारा होता. विजयाच्या यादीत आईने घातलेली ही ओळ राजाच्या कवीने घातली नसती.

आणि हे सगळे कोरले कशात? ओसरीला खालून सहा धिप्पाड मूर्तींनी तोलले आहे, जणू सारे लेणे खांद्यावर घेऊन त्या उठणार आहेत. दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण देणारी कोरीव चौकट, तिच्या दोन बाजूंना द्वारपाल, आतल्या भिंतीवर स्तूपाचे शिल्प. लेख म्हणतो की कैलासशिखरासारख्या शिखरावरचे हे लेणे दिव्य प्रासादांच्या तोडीचे आहे. बलश्रीला साधेपणाचा अजिबात सोस नव्हता. आणखी एक गंमत: या लेण्याच्या खांबांची घडण थोडे पुढे असलेल्या दहा क्रमांकाच्या लेण्याशी मिळतीजुळती आहे. ते लेणे क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरवले. म्हणजे ज्याचा वंश संपवल्याची फुशारकी ओसरीत आहे, त्याच्याच घरच्या लेण्याचा नमुना समोर ठेवून खांब उभारले. पाथरवट कदाचित तेच असतील. राज्य बदलते, पाथरवट कुठे जाणार?

त्याच लेण्यात स्वतः गौतमीपुत्राच्या 18व्या वर्षाची आज्ञाही आहे. विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेली: उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत आता भिक्षूंना द्यावे. जिंकलेली जमीन स्वतः न ठेवता संघाला. त्या युद्धाचा नाण्यातला पुरावा 1906 साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलथेंबीला सापडला: नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचे चिन्ह. बाजारात ते नाणे हातोहात फिरले असेल तेव्हा घोषणेची गरजच उरली नसेल.

शतकानुशतके आपल्याकडे हा क्रम असा चालला: चित्र, नक्षी, पूजा, नाव असले तर राजाचे. इथे साध्या शिपायाचे नाव दगडावर यायला परकी कंपनी यावी लागली, हे कडू आहे पण खरे आहे. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाचा पाया 1821चा. 1 जानेवारी 1818च्या लढाईतल्या कंपनीच्या बाजूच्या 49 जणांची नावे त्यावर आहेत, त्यांतली 22 'नाक' हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार सैनिकांची. कंपनीने तो आपल्या विजयासाठी उभारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे गेले आणि स्तंभाचा अर्थ उभारणाऱ्यांच्या हातून निसटून ज्यांची नावे होती त्यांच्या वंशजांकडे आला. चौरस, साधा, जवळजवळ नक्षीविरहित खांब. म्हणजे माझ्या म्हणण्याला हा उलटा पुरावा, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, तिथे नक्षीचे काम नावांनी केले, आणि ती नावे वाचणारी माणसे शिकून आली तेव्हाच ते झाले. त्याला शंभरहून जास्त वर्षे लागली.

नावही नाही आणि चित्रही नाही, असे स्मारक कसे असते ते बघायचे तर पहिल्या महायुद्धाकडे जावे लागते. महाराष्ट्रातल्या काही गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक छोटी शिळा बसवलेली दिसते. या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस. दोन आकडे. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी 46 जण परत आले नाहीत, आणि तिथले स्मारक गावाने अभिमानाने जपले आहे. आपले बरेचसे मराठी सैनिक फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात गेले. पूना डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 रोजी कूत पडले. त्या आघाडीवर मेलेल्यांचे स्मारक बसऱ्याला 1929 साली झाले. 40 हजारांहून अधिक मृतांचे. ब्रिटिश शिपायाचे नाव भिंतीवर कोरले. भारतीय पलटणींच्या खाली नावे फक्त अधिकाऱ्यांची, बाकीच्यांचा आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली अहवाल काढून कबूल केले की 45 ते 54 हजार मृतांची, ज्यांत भारतीय बरेच, स्मृती गोऱ्यांच्या बरोबरीने राखली गेली नाही; त्याबद्दल माफीही मागितली. दरम्यान 1997 साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खे स्मारक बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवले गेले. घरच्यांना जाता येईल अशी ती जागा आधीही नव्हती.

याउलट फ्रान्समधले नव शापेल. हर्बर्ट बेकर याच्या आराखड्यावर 1927 साली उभे राहिलेले भारतीय सैनिकांचे स्मारक: अशोकस्तंभाची आठवण देणारा उंच खांब, वर कमळ, पायाशी दोन वाघ, गोलाकार भिंतीत दगडी जाळी, छत्र्या. आणि भिंतीवर 4,700हून अधिक नावे, शिपाई-मजुरांसकट. साम्राज्याच्या दिखाव्याचा भाग त्यात आहेच. बेकर दिल्लीत सचिवालये बांधत होता. त्याला भारतीय नक्षीची हौसही होती आणि तिच्यावर हुकमत गाजवण्याचीही. तरी नाव आणि नक्षी इथे एकत्र आली. पश्चिम आघाडीवरच्या 139 स्मृतिस्थळांना युनेस्कोने 2023 साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले, त्या यादीत नव शापेलही आहे. युद्धात मेलेल्यांची जागा ही वारसा होऊ शकते का, यावर युनेस्कोत बरीच वर्षे खल चालला होता. वीरगळांच्या गावातल्या माणसाला या वादाची गंमतच वाटेल.

युनेस्कोचा फलक नाशिक जिल्ह्यातही आला आहे. 11 जुलै 2025 रोजी पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले गेले. त्यांतला एक आपल्या बागलाणातला साल्हेर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1,567 मीटर. त्याची खरी ओळख 1672च्या लढाईने. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. मराठे गनिमी काव्यानेच लढतात, या समजुतीला छेद देणारी लढाई. त्यात मराठा सरदार सूर्यराव काकडे पडला, जंबुरक्याचा, म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफेचा, गोळा लागून. सभासदाच्या बखरीत ते नोंदवले आहे. यादीत तटबंदी आली, भूगोल आला, दुर्गरचनेची बुद्धी आली. पण किल्ल्याखालच्या मैदानात जी माणसे मेली, त्यांच्या स्मृतीची जागा आराखड्यात कुठे? आता पर्यटक येणार, रस्ता रुंदावणार, वाहनतळ होणार. बागलाणातल्या वाटांवरच्या प्रत्येक कोरीव दगडाचे छायाचित्र आणि जागा यांची नोंद त्याआधी व्हायला हवी. फावडे लागल्यावर नाही.

नाशिक रोड आणि देवळालीला लष्कराचे दगड वेगळे आहेत. तोफखान्याची शाळा फाळणीनंतर काकूलहून, म्हणजे आताच्या पाकिस्तानातून, देवळालीला आली, आणि तेव्हापासून या शहराच्या दक्षिणेला देशाच्या तोफखान्याचे घर आहे. तिथली स्मारके, संग्रहालय, जुन्या तोफा शिस्तीत सांभाळलेल्या आहेत. त्यांना माझ्या काळजीची गरज नाही. काळजी गावांमधल्या नव्या 'शौर्यचौकां'ची. एखादा निवृत्त रणगाडा किंवा तोफ मिळवायची, गिलाव्याच्या चौथऱ्यावर चढवायची, त्याला चकचकीत तैलरंग द्यायचा आणि उद्घाटनाच्या कोनशिलेवर पाहुण्यांची नावे शहिदांच्या नावांपेक्षा मोठी कोरायची. हीही सजावटच, पण तिच्यात सांगण्यासारखे काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर पाथरवटाने पैसे देणाऱ्याचे नाव कुठेच टाकले नव्हते.

कायदा काय म्हणतो? शंभर वर्षे झालेल्या वास्तूला केंद्राच्या 1958च्या कायद्याखाली संरक्षण देता येते, राज्याचा 1960चा कायदा आहे, आणि सुट्या मूर्ती-शिल्पांसाठी 1972चा पुरावशेष कायदा. वीरगळ या तिन्हींत बसतो आणि तिन्हींतून निसटतो. तो वास्तू म्हणावा इतका मोठा नाही. सुटे शिल्प म्हणावे तर त्याची पूजा होते, तो हलवता येत नाही. संग्रहालयात नेला की सुरक्षित होतो, पण मग तो कुणाचा वीर राहतो? मला विचाराल तर जागचा हलवू नये. ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत त्याला एक ओळ मिळावी: कुठे आहे, किती उंच, कोणती चित्रे, आणि पूजा कोणाच्या घरची. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण फौजदारी कलमांपेक्षा दगडाची राखण तेच घर करते.

शेंदराचे काय, हा प्रश्न यात नेहमी येतो. संवर्धनवाले म्हणतात, थराखाली नक्षी दबते. भाविक म्हणतात, शेंदूर काढला तर देव उघडा पडेल. नाशिक जिल्ह्यानेच याचे एक उत्तर पाहिले आहे. वणीच्या सप्तशृंगीगडावर 2022 साली सुमारे दीड महिना मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा जाड थर काढला, आणि खालचे कोरीव रूप भक्तांसमोर आले. शेंदराने ते झाकले होते आणि जपलेही होते. ते काम जाणकारांच्या हातून, विधीपूर्वक झाले, कारण मागे ट्रस्ट होता, पैसा होता, लाखो भाविकांचा डोळा होता. वेशीवरच्या वीरगळाला ट्रस्ट नसतो. त्याच्या वाट्याला येतो जत्रेच्या आदल्या दिवशीचा तैलरंगाचा डबा, आणि तैलरंग शेंदरासारखा कवच होऊन गळून पडत नाही. तो दगडाच्या रंध्रांत घट्ट बसतो आणि काढताना अप्सरेचे नाकही घेऊन जातो. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने यंदा पाच गावे घेतली आणि तिथल्या रंगाऱ्याला नुसते चुन्याचे किंवा शेंदराचे साहित्य दिले, तरी काम सुरू होईल.